एकच पावडर, दोन्ही दिशांनी: टर्बियम-यिटर्बियम प्रोजेक्टच्या नोंदी

१४ जुलै २०२५

सिस्टिम, म्हणजे प्रकाश बदलून देणारी पावडर, ठरली एकदाची. यिट्रियम फॉस्फेट, त्यात टर्बियम १ टक्का कायम आणि यिटर्बियम ०, ५, १०, २०, ५० टक्के असं वाढवत न्यायचं. हीच जोडी का तर ती दोन्ही दिशांनी चालते. ४८९ नॅनोमीटरचा निळा फोटॉन दिला की टर्बियम तो घेतं आणि शेजारच्या दोन यिटर्बियमना अर्धी-अर्धी एनर्जी वाटून देतं, मग ते दोघं ९८० च्या आसपास एकेक इन्फ्रारेड फोटॉन सोडतात, हे झालं डाउन-कन्व्हर्जन. आता ९८० चा लेझर मारा, दोन यिटर्बियम एकत्र येऊन आपली एनर्जी एका टर्बियमला देतात आणि ते ५४४ ला हिरवं चमकतं, हे अप-कन्व्हर्जन. टर्बियमची ती लेव्हल साधारण २०,५०० सेंटीमीटर इनव्हर्सला (एनर्जी मोजायचं एकक) आहे आणि यिटर्बियमची १०,२०० च्या आसपास, म्हणजे दुपटीचा हिशोब जवळजवळ बसतोच.

सरांना शेवटी एक टेबल पाहिजे. एकीकडे अप, एकीकडे डाउन, आणि क्वांटम यील्डचा एक कॉलम, जेवढे फोटॉन आत शोषले गेले त्याच्या किती टक्के बाहेर आले एवढंच. ऐकायला सोपंय.

१८ जुलै

दोन दिवस नुसतं वाचन. डाउन-कन्व्हर्जनचे आकडे बघून कोणालाही वाटेल की इकडे लॉटरी लागलीये. एका फोटॉनचे दोन होऊ शकतात हे डेक्स्टरने १९५७ मध्येच कागदावर मांडलं होतं, १९७४ ला यिट्रियम फ्लोराइडमधल्या प्रासिओडिमियमने ते दाखवलं, साधारण १४० टक्के. मग १९९९ मध्ये उट्रेख्तच्या ग्रुपने लिथियम गॅडोलिनियम फ्लोराइड आणि युरोपियम घेऊन १९० टक्क्यांच्या जवळचा आकडा दिला आणि २००५ ला तिथूनच आमची ही टर्बियम-यिटर्बियम जोडी आली, १८८ टक्के.

अपवाल्यांचं बघा. आजवरचं सगळ्यात गाजलेलं मटेरियल म्हणजे सोडियम यिट्रियम फ्लोराइड, त्यात २० टक्के यिटर्बियम आणि २ टक्के अर्बियम. २०१० मध्ये बॉयर आणि व्हॅन व्हेगेल यांनी इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (आतून पांढरा पोकळ गोळा, सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करतो) नीट मोजलं तर १० ते १०० नॅनोमीटरच्या कणांना ०.००५ ते ०.३ टक्के, आणि बल्क पावडरला ३ टक्के. २०१८ पर्यंत चांगलं जाड शेल चढवलेल्या ४५ नॅनोमीटरच्या कणांना ९ टक्क्यांच्या वर नेलं. दोन फोटॉनचा एक होतो म्हणून इकडे छतच ५० टक्क्यांवर, तिकडे २०० वर.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला १८८ आणि ३ हे एकाच परीक्षेचे मार्क वाटतील. पण १८८ वाला पेपर नीट वाचला की कळतं की ते ९८० चे फोटॉन मोजून आलेलं नाहीये! टर्बियमचा लाइफटाइम, म्हणजे चमक किती वेळात विझते ते, मोजलाय. यिटर्बियम नसताना किती, असताना किती, त्यावरून किती टक्के एनर्जी ट्रान्सफर झाली ते काढलं, ८८ टक्के आली. मग गृहीत असं की ट्रान्सफर झालेल्या प्रत्येकाचे दोन फोटॉन बाहेर पडतात आणि उरलेल्याचा एक, म्हणून १०० अधिक ८८. आणि ती पावडर म्हणजे यिट्रियम जवळपास काढून ९९ टक्के यिटर्बियम भरलेली. एवढ्या गर्दीत एनर्जी एका यिटर्बियमवरून दुसऱ्यावर उड्या मारत कुठल्यातरी दोषापाशी किंवा पाण्याच्या अंशापाशी जाऊन मरते. लेखकांनी स्वतः हे लिहिलंय, लपवलेलं काही नाही, पण पुढे जे जे लोक उद्धृत करतात ते फक्त १८८ उचलतात.

सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर हे लिहिलं. उत्तर आलं, "छान, म्हणून तर आपण मोजणार आहोत."

२९ जुलै

सँपल बनवण्याचा आठवडा. आधी ऑक्साइड ९०० डिग्रीला तापवून घेतले, कारण ठेवलेल्या यिट्रियम ऑक्साइडने हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन ठेवलेलं असतं आणि नागपूरच्या जुलैत तर विचारूच नका, वजन करताना आपण पाणीच मोजत असतो. सगळं नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलं. टर्बियमचं तपकिरी-काळं ऑक्साइड हट्टी आहे, नुसत्या नायट्रिकला दाद देत नाही, गरम करून हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब घातले की मग विरघळतं. वरून डायअमोनियम फॉस्फेट, पांढरा साका, धुणं, सुकवणं आणि ११०० डिग्रीला भट्टी.

इथे आमच्या भागात फॉस्फर म्हटलं की युरिया घालून कंबश्चन करायची सवय आहे, १९८८ च्या किंग्सली-पाटील यांच्या बेंगळुरूच्या कामापासून ती पद्धत भारतभर पसरली, पाच मिनिटांत भकाभका पेटून फेसाळ पावडर तयार. मी मुद्दाम नाही केलं. त्या फेसाळ पावडरला पृष्ठभाग फार, आणि पृष्ठभाग म्हणजे त्यावर चिकटलेलं ओएच, पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट. ओएचचं कंपन ३४०० च्या आसपास असतं, म्हणजे यिटर्बियमची १०,२०० ची एनर्जी तीन उड्यांत गिळून टाकतं. मला ९८० चेच फोटॉन मोजायचेत, तेच मारून कसं चालेल.

६ ऑगस्ट

एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) स्वच्छ, झेनोटाइमचाच, म्हणजे यिट्रियम फॉस्फेटच्या खनिजाचाच पॅटर्न, जास्तीचं पीक नाही. यिटर्बियम वाढेल तसे पीक थोडे उजवीकडे सरकतात, आयन लहान आहे यिट्रियमपेक्षा, तसंच व्हायला पाहिजे.

४८९ ने एक्साइट करून ९०० ते १०५० स्कॅन केला. ९७८ वर इतकं टोकदार आणि उंच पीक आलं की शेजारचा मुलगा पार्टी मागायला लागला. थांब म्हटलं. ४८९ ची दुप्पट किती? ९७८! ग्रेटिंगची सेकंड ऑर्डर, म्हणजे दिलेल्या प्रकाशाची दुप्पट वेव्हलेंग्थला दिसणारी खोटी सावली, अगदी बरोब्बर तिथेच येते जिथे यिटर्बियम चमकतं, या जोडीचा हा जन्मजात त्रास आहे कारण सगळी भानगडच अर्ध्या एनर्जीची आहे. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे एक्सायटेशन ४८९ वरून ४८७ करायचं, खरं एमिशन जागेवर राहतं आणि खोटं पीक चार नॅनोमीटर मागे सरकतं. टोकदार वालं सरकलं. मग डिटेक्टरच्या आधी ८५० चा लाँग-पास फिल्टर (८५० च्या पुढचंच जाऊ देणारा) लावला आणि खाली जे रुंद, दोन-तीन खांद्यांचं एमिशन उरलं ते खरं यिटर्बियमचं. उंची आधीच्या मानाने अगदीच केविलवाणी, पण खरी. हा फिल्टर न लावता कोणी या जोडीचे आकडे सांगितले तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

११ ऑगस्ट

लाइफटाइम. फ्लॅशलँपने टर्बियमचा ५४४ चा डीके (चमक विझण्याचा कर्व्ह) घेतला. शून्य यिटर्बियमवाल्यात सरळ एक्स्पोनेन्शियल, मिलिसेकंदांचा, बघायला छान. यिटर्बियम वाढवत गेलं की कर्व्ह सुरुवातीला वाकतो आणि शेपूट लांब राहतं, कारण प्रत्येक टर्बियमचे शेजारी वेगळे, कोणाला दोन यिटर्बियम चिकटून तर कोणाला एकही नाही. अशा वाकड्या कर्व्हचा एक लाइफटाइम सांगायचा म्हणजे सरासरी काढा, आणि सरासरी काढायच्या दोन-तीन पद्धती आहेत, त्यातली कुठली घेतली यावर ट्रान्सफरचा आकडा हलतो. मी खालचं सगळं क्षेत्रफळ भागिले सुरुवातीची उंची ही घेतली, २००५ च्या पेपरशी तुलना करायची तर तीच बरी.

५० टक्केवाल्याचा हिशोबाने आलेला यील्ड १०० च्या वर जातोय. हिशोबाने.

२५ ऑगस्ट

पोळा, मारबत सगळं आटोपून आज लेझर मिळाला. ९८० चा डायोड. गॉगल सगळ्यांना सक्तीचे, कारण हा प्रकाश दिसत नाही त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही, लेझर पॉइंटरसारखं नाही ते. बीम शोधायला जे आयआर (इन्फ्रारेड) कार्ड असतं त्याबद्दल इथे लिहून ठेवते: आपल्याकडचं नारिंगी चमकणारं कार्ड अप-कन्व्हर्जन करतच नाही, ते आधी ट्यूबलाइटखाली चार्ज होतं आणि आयआर पडल्यावर साठवलेलं बाहेर सोडतं, म्हणून एकाच जागी धरून ठेवलं की विझतं.

२० टक्के यिटर्बियमची पावडर ठेवली, लेझर चालू, आणि हिरवा ठिपका. डोळ्यांना दिसेल असा. सगळे खूश, फोटो निघाले, सर पण येऊन बघून गेले.

स्पेक्ट्रम घेतला आणि खुशी अर्ध्या तासात उतरली. टर्बियम असेल तर ४८९, ५४४, ५८६, ६२१ अशी चौकडी पाहिजे. आलं काय तर ५२५ ला एक, ५४५ ला एक, आणि ६५५ ला लाल. ही अर्बियमची सही आहे. अर्बियम तर मी घातलंच नाही! वर ४७५ ला बारीकशी निळी रेघ, ती थुलियमची.

३ सप्टेंबर

गणपतीत घरी असतानाही हेच डोक्यात. उत्तर आवर्त सारणीतच आहे, अर्बियम ६८, थुलियम ६९, यिटर्बियम ७०, सख्खे शेजारी, रसायन सारखंच, त्यामुळे खनिजातून वेगळं करताना एकमेकांचे अंश राहतात. आमचं यिटर्बियम ऑक्साइड ९९.९ टक्के शुद्ध. उरलेल्या ०.१ मध्ये कोण बसलंय हे बाटली सांगत नाही.

पण एवढ्याशा अर्बियमने १ टक्का टर्बियमला झाकून टाकावं? टाकतं, आणि का ते ओझेलने स्वच्छ मांडलंय. १९६६ मध्ये त्याने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे सोव्हिएत बाजूला ओव्स्यांकिन-फेओफिलोव्हने, दाखवलं की एक यिटर्बियम अर्बियमला पहिल्या पायरीवर चढवतो, तिथे तो थोडा वेळ टिकतो, मग दुसरा यिटर्बियम येऊन वर ढकलतो. मधे टेकायला पायरी आहे. टर्बियमला ९८० ला पायरीच नाही, दोन यिटर्बियमनी एकाच क्षणी मिळून उचललं तरच. ओझेलच्या २००४ च्या रिव्ह्यूमध्ये सगळ्या पद्धतींची एका वॅट दर चौरस सेंटीमीटरला आणून तुलना आहे, पायरीवाल्याची कार्यक्षमता १० चा उणे ३ घात, आमच्या सहकारी पद्धतीची उणे ६. हजार पटींचा फरक. म्हणजे दहा पीपीएम (दशलक्षात दहा) अर्बियम आणि एक टक्का टर्बियम हे साधारण बरोबरीत सुटतात. इतकी वर्षं टर्बियम-यिटर्बियमचं हिरवं म्हणून जे जे छापलं गेलं त्यातल्या ज्यांनी फक्त ५४५ चं एक पीक दाखवलंय ते मी आता शंकेनेच बघते.

९९.९९९ वालं यिटर्बियम ऑक्साइड मागवायचं. किंमत ऐकून सर गप्प बसले, मग सही केली.

१७ सप्टेंबर

नवीन ऑक्साइडची २० टक्के पावडर तयार. लेझरखाली डोळ्यांना काहीही दिसत नाही. दिवे बंद करून, परदे लावून, थोडा वेळ अंधारात बसून मग अगदी फिकट हिरवं. पण स्पेक्ट्रममध्ये चारही रेघा आपापल्या जागी आणि ६५५ जवळपास गेलं. फोटो काढायला कोणी आलं नाही, माझ्या मते प्रोजेक्टमधला हाच खरा रिझल्ट आहे.

२४ सप्टेंबर

पॉवर डिपेंडन्स. लेझरचा करंट कमी-जास्त करून पॉवर बदलायची नाही, हे पुढच्या मुलांसाठी मोठ्या अक्षरात. करंट बदलला की डायोडचं तापमान बदलतं आणि दर डिग्रीला वेव्हलेंग्थ ०.३ नॅनोमीटरच्या आसपास सरकते, यिटर्बियमचं शोषण ९७५ ला टोकदार आहे, म्हणजे पॉवर बदलली की शोषण हे कळणारच नाही. करंट एका जागी ठेवून न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (सगळा प्रकाश सारखाच मंद करणारे) बदलत गेले. लॉग-लॉग ग्राफचा उतार दोनच्या जवळ, म्हणजे खरंच दोन फोटॉन लागतायत. फोकस घट्ट करून पॉवर फार वाढवली तर अचानक पिवळट-पांढरा रुंद उजेड येतो, तो अप-कन्व्हर्जन नाही, पावडर तापून स्वतःच उजळतेय, तिथले पॉइंट काढून टाकले.

आता उतार दोन म्हणजे काय ते नीट बघा. पॉवर दुप्पट केली की बाहेर येणारे फोटॉन चौपट, आत जाणारे दुप्पट, म्हणजे यील्ड स्वतःच दुप्पट! मग याला मटेरियलचा गुणधर्म म्हणायचं कसं? निळ्या बाजूने दिवा अर्धा करा नाहीतर दुप्पट करा, यील्ड तोच. इकडे मात्र किती वॅट दर चौरस सेंटीमीटर हे न सांगता यील्ड सांगणं म्हणजे वजन न सांगता भाव सांगण्यासारखं. बॉयरने म्हणूनच १५० वॅट लिहिलंय. आणि ते वॅट तरी कुठले, बीम गाउसियन आहे, मधल्या टोकाची तीव्रता सरासरीच्या दुप्पट असते.

कागदावर अंदाज केला. यिटर्बियमचा क्रॉस-सेक्शन (फोटॉन पकडायचं क्षेत्रफळ) १० चा उणे २० घात चौरस सेंटीमीटर, लाइफटाइम एक मिलिसेकंद धरला, १०० वॅट दर चौरस सेंटीमीटरला कुठल्याही क्षणी साधारण २०० यिटर्बियममागे एक जागा, म्हणजे एनर्जी घेतलेला, असतो. त्याला तसाच जागा शेजारी मिळायला पाहिजे. हेच साध्या उन्हात केलं, ९८० भोवतीचा दहा नॅनोमीटरचा पट्टा धरून, तर तीन कोटीत एक. सोलर सेलवर अप-कन्व्हर्जनचा थर लावू म्हणणाऱ्या प्रत्येक पोस्टरपुढे मला हा आकडा लिहावासा वाटतो. ट्रुपके, ग्रीन आणि वुर्फेल यांनी २००२ मध्ये बिनकेंद्रित उन्हासाठी ४७.६ टक्क्यांची मर्यादा काढली ती बरोबरच आहे, पण ती आदर्श कन्व्हर्टर धरून. शिवाय सिलिकॉन ११०० पर्यंत स्वतःच शोषतं, त्याला ९८० चं अप-कन्व्हर्जन काय कामाचं, त्याला १५२० च्या आसपासचं अर्बियम पाहिजे.

६ ऑक्टोबर

इंटिग्रेटिंग स्फिअर. डी मेलो, विटमन, फ्रेंड यांची १९९७ ची तीन मापांची पद्धत: स्फिअर रिकामा, सँपल आत पण बीम भिंतीवर, मग बीम सँपलवर. निळ्या बाजूला ही पद्धत चालते. अडचण एवढीच की शोषलेले फोटॉन ४८९ ला मोजायचे पीएमटीवर (दृश्य प्रकाशाचा डिटेक्टर) आणि बाहेर आलेले ९८० ला इनगॅसवर (इन्फ्रारेडचा), पीएमटी ९०० पुढे बहिरा. दोन डिटेक्टर एकाच मापात आणायला कॅलिब्रेटेड हॅलोजन दिवा लागतो आणि त्याच्या टक्क्या-दोन टक्क्यांची चूक सरळ यील्डमध्ये उतरते. त्यात टर्बियमचं शोषण इतकं क्षीण की "शोषलेले" म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची छोटीशी वजाबाकी.

लेझरच्या बाजूला वेगळीच गंमत आहे. स्फिअरमध्ये भिंतीवर आपटून विखुरलेला ९८० सँपलवर परत येतो आणि शोषलाही जातो, पण इतका पातळ झालेला असतो की त्यातून अप-कन्व्हर्जन जवळजवळ होतच नाही. म्हणजे छेदात भर, अंशात काही नाही. डी मेलोच्या दुरुस्तीत विखुरलेल्या आणि थेट प्रकाशाचा यील्ड एकच असतो असं धरलंय, ते इथे लागू नाही. लॅबमधली ताई म्हणाली थेट बीमचं शोषण तेवढं वेगळं काढ आणि त्यानेच भाग. तेच केलं.

निकाल: ५० टक्के यिटर्बियमच्या सँपलला लाइफटाइमवरून १०० च्या वर, फोटॉन मोजून मात्र त्याच्या जवळपासही नाही. ट्रान्सफर होतेय, दोनदोन यिटर्बियम जागेही होतायत, पण बाहेर येईपर्यंत बहुतेक वाटेत मरतायत.

९ ऑक्टोबर

टेबलवरून सरांशी तासभर. सरांचं म्हणणं असं की मोजलेले आकडे तरी एका कॉलममध्ये टाक. मी म्हटलं सर, पॉवर कुठली लिहू? डाउनला गरज नाही म्हणाले. तेवढ्यावर मी यिटर्बियम घातलेल्या सिझियम लेड क्लोराइडचं उदाहरण काढलं. त्या नॅनोक्रिस्टलमध्ये शोषण टर्बियमसारखं फाटकं नाही, पेरोव्हस्काइट, म्हणजे ते क्लोराइड, स्वतः अल्ट्राव्हायोलेट दणकून पितं आणि दोन यिटर्बियमना देतं, २०१७ ला ब्रोमाइड आणि सेरियमही घातलेल्या त्याच्या भावंडाला १४६ टक्के, २०१८ ला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गॅमेलिनच्या ग्रुपकडून १७० च्या घरात, आणि हे खरंच फोटॉन मोजून. पण २०१९ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्रकाश वाढवला की यील्ड खाली येतो, कारण यिटर्बियम मिलिसेकंदभर जागं राहतं आणि तेवढ्यात पुढचा एक्सायटॉन (शोषलेल्या प्रकाशाची एनर्जी) आला की ती एनर्जी वाया जाते. म्हणजे डाउनलाही पॉवर लागते, फक्त उलट्या दिशेने. सर हसले, म्हणाले लिही मग.

तिकडे ऑरगॅनिकवाल्यांची अजून एक खोड आहे, ट्रिप्लेट-ट्रिप्लेट अ‍ॅनिहिलेशनवाले, दोन उत्तेजित रेणू मिळून एक मोठा फोटॉन देणारे, पार्कर-हॅचर्डच्या १९६२ पासूनची परंपरा. तिथेही छत ५० टक्केच, पण बरेच जण आकडा दुप्पट करून १०० पैकी सांगतात. म्हणजे त्यांचे २० कधी खरे २० असतात, कधी १०. टेबलात घ्यायच्या आधी प्रत्येक पेपरची व्याख्या तपासावी लागली, अर्धा दिवस त्यातच गेला.

१५ ऑक्टोबर

टेबल झालं. यील्डचा एक कॉलम नाहीच. प्रत्येक ओळीला कमाल किती शक्य, कसा काढला म्हणजे लाइफटाइमवरून की फोटॉन मोजून, कुठल्या तीव्रतेला, आणि त्या तीव्रतेला उतार किती, असे चार. अपच्या ओळींत एका आकड्याऐवजी पूर्ण ग्राफचा नंबर दिलाय. १८८ आहे टेबलात, पण "लाइफटाइमवरून" या शेऱ्यासकट, आणि आमचं लाइफटाइमवालं आणि मोजलेलं एकाखाली एक.

राहिलेलं: ५ टक्के यिटर्बियमवाल्याचं स्फिअरमधलं माप पुन्हा, सिग्नल नॉइजमध्येच आहे. शुद्ध ऑक्साइडची ५० टक्के पावडर दिवाळीआधी भट्टीत टाकायची, लेझर त्यानंतरच मिळेल. आणि उरलेल्या जुन्या ९९.९ वाल्या बाटलीवर "अप-कन्व्हर्जनसाठी नाही" असं मार्करने लिहिलंय, कृपया कोणी पुसू नका.